सरासरीत हरवलेले सोलापूर: घराघरांतली आणि तालुक्यातालुक्यांतली उत्पन्नाची दरी

भीमातीर (धागालेखक)

२०२५ च्या जुलैत केंद्र सरकारने जागतिक बँकेच्या एका टिपणातील आकड्यांचा आधार घेऊन सांगितले की, समानतेच्या बाबतीत भारताचा जगात चौथा क्रमांक लागतो, कारण २०२२-२३ चा आपला गिनी निर्देशांक (विषमतेचे माप; शून्य म्हणजे पूर्ण समानता, शंभर म्हणजे सगळे एकाच्याच हाती) २५.५ इतका कमी आहे. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२४ मध्ये, पॅरिसच्या जागतिक विषमता प्रयोगशाळेचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. त्यानुसार २०२२-२३ या वर्षी देशातील वरच्या एक टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता, तर खालच्या निम्म्या लोकसंख्येला उत्पन्नातले जेमतेम १५ टक्के मिळत होते. देश एकच, वर्षही एकच, आणि चित्रे मात्र एकमेकांशी मुळीच न जुळणारी.

याचे कारण असे की पहिला आकडा खर्चाचा आहे आणि दुसरा उत्पन्नाचा. उसनवारी करून किराणा भरणारे घर आणि पगारातून किराणा भरणारे घर खर्चाच्या पाहणीत शेजारी शेजारी बसते. उलट ज्या घरात महिन्याला दहा लाख येतात आणि दीड लाख खर्च होतात, त्या घराचे उरलेले साडेआठ लाख या पाहणीला दिसतच नाहीत. जागतिक बँकेच्या त्याच टिपणात, विषमता प्रयोगशाळेच्या आकड्यांच्या आधारे, उत्पन्नाचा गिनी २००४ मधील ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेल्याचीही नोंद आहे. चौथ्या क्रमांकाच्या बातमीत ती नोंद मागे पडली.

हा विषय मला सोलापूरपुरता मांडायचा आहे, कारण आपल्या जिल्ह्यातली दरी एकदा नव्हे, दोनदा झाकली जाते. राज्याच्या कागदावर सोलापूर हा पुणे महसूल विभागातला जिल्हा आहे, म्हणजे बोलीभाषेत पश्चिम महाराष्ट्र. पश्चिम महाराष्ट्र म्हटले की कालवे, साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि सधन शेतकरी असे चित्र डोळ्यांसमोर येते. माळशिरस, पंढरपूर, माढा या तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात ते चित्र बऱ्याच अंशी खरे आहे. उजनीच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या उसामुळे राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर मोडतो. परंतु अकरा तालुक्यांच्या याच जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची ती गावे आहेत, ज्यांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची मागणी केली होती. याच जिल्ह्यात अक्कलकोटचा आणि सांगोल्याचा कोरडवाहू भाग आहे, आणि शहराच्या पूर्व भागात हजारो घरे विड्या वळून आणि यंत्रमागावर काम करून दिवस काढतात. या सगळ्यांची बेरीज करून भागाकार केला की जो आकडा येतो, तो ना बागायती अकलूजचा असतो ना कोरडवाहू अक्कलकोटचा.

प्रादेशिक समतोलाचा हिशेब महाराष्ट्रात पहिल्यांदा नीट केला तो प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने, १९८३-८४ मध्ये. प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपासून किती मागे आहे हे रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा बाबींमध्ये मोजून समितीने ३,१८६ कोटींहून अधिक रकमेचा अनुशेष काढला. नंतर मागास भागांना निधीचा न्याय्य वाटा मिळावा म्हणून १ मे १९९४ पासून तीन वैधानिक विकास मंडळे आली: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. आपण तिसऱ्या मंडळात गेलो, म्हणजे पुणे, ठाणे आणि कोल्हापूर यांच्या पंगतीत. बार्शी आणि परंडा हे शेजारचे तालुके. बालाघाटाच्या एकाच उतारावरचे, सारखीच जमीन आणि सारखेच बेभरवशाचे पाऊसमान असलेले. परंडा निजामाच्या राज्यात होता म्हणून मराठवाडा, आणि बार्शी मुंबई इलाख्यात होती म्हणून उर्वरित महाराष्ट्र. मराठवाड्याला जे मिळाले ते मिळायलाच हवे होते, आणि ते पुरेसे मिळाले असेही कोणी म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की विषमता मोजण्याचे एकक चुकले की गरीब माणूस नकाशावरूनच नाहीसा होतो. एप्रिल २०२० मध्ये या मंडळांची मुदतही संपली.

तालुका हे एकक धरून आणि खर्चाऐवजी उत्पन्न धरून सोलापूरकडे पाहिले तर काय दिसेल, यावर इथल्या जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

कुंभारीची लेक

लेख वाचून खर्च आणि उत्पन्न यांतला फरक मला आमच्याच घराच्या हिशेबातून समजला, म्हणून तो सांगते. माझी आई विडी कामगार होती आणि वडील यंत्रमागावर. बाहेरून पाहणाऱ्याला आमचे घर दोन कमावत्या माणसांचे होते. दोघांचेही काम नगावर मोजले जाई. वडिलांचे टॉवेलवर, आईचे हजार विड्यांवर.

हजार विड्यांचे काम म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. कारखान्यातून पान, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा. तेंदूचे पान रात्री भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे, सकाळी पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायचे, मग सूप मांडीवर घेऊन एकेक विडी वळायची, तोंड दुमडायचे आणि दोऱ्याने बांधायची. पंचवीस विड्यांचे एक बंडल. पान वाळलेले किंवा फाटके निघाले तर हजार विड्या पुऱ्या पडत नाहीत, आणि तूट भरून काढायला बाजारातून पान विकत आणावे लागते. माल द्यायला गेल्यावर तपासणारा माणूस खराब म्हणून काही विड्या बाजूला काढतो. त्या परतही मिळत नाहीत आणि त्यांची मजुरीही मिळत नाही. म्हणजे हजाराचा दर कागदावर काहीही असो, हातात येणारी रक्कम त्याहून कमीच असते, आणि जितक्या विड्या वहीत चढतात तितक्याच दिवसांची हजेरी भरते. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी हे सगळे त्या वहीवर अवलंबून असते.

आता या घराचा खर्च पाहा. भावाचे शिक्षण, आजीचे औषधपाणी, बहिणीचे लग्न. हे सगळे खर्च झाले आणि ते कोणत्याही पाहणीत दिसले असते. ते झाले कशातून, तर बचत गटाच्या आणि लघुवित्त कंपनीच्या कर्जातून, ज्याचा हप्ता दर आठवड्याला दारात येऊन बसे. आमच्या गल्लीत एका कंपनीचा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून फेडणारी घरे होती. त्या घरांचा खर्च वाढला म्हणून ती वर सरकली असे कोणी म्हणत असेल, तर त्याने आठवड्याच्या हप्त्याच्या दिवशी त्या गल्लीत येऊन पाहावे.

घराच्या बाबतीत मात्र आम्ही भाग्यवान ठरलो. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली आणि पुढे रे नगरमध्ये तीस हजार घरांची योजना आली. त्यातील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. ही घरे कामगारांच्या संघटनेने वर्षानुवर्षे केलेल्या आंदोलनातून उभी राहिली आहेत. उत्पन्न वाढले नाही, पण भाडे गेले, आणि आईच्या दृष्टीने ते पगारवाढीइतकेच मोठे होते.

नीरा उजवा

धागालेखकांचा मुद्दा मान्य आहे, पण बागायती तालुक्यांकडे सरसकट श्रीमंत म्हणून पाहिले जाऊ नये, म्हणून लिहितो. आमचा माळशिरस तालुका नीरा उजव्या कालव्याखाली फार पूर्वीपासून भिजतो आणि माळीनगरचा कारखाना तर १९३० च्या दशकातला आहे. परंतु आजोबांच्या नावावरची जमीन तीन पिढ्यांत वाटली गेल्यावर एकेकाच्या वाट्याला जे येते, त्यावर ऊस लावून घर चालते, श्रीमंती येत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, जाहीर झाली. त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा होते. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, आणि तरीही थकीत बिलांसाठी दर वर्षी कुठे ना कुठे आंदोलन करावे लागते.

शेतीचे उत्पन्न किती असते याचा सरकारी आकडाही आहे. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यातील पिकांपासून ३,७९८ रुपये आणि मजुरी व पगारातून ४,०६३ रुपये. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो, तो पिकापेक्षा मजुरीवर अधिक जगतो.

हे सांगून झाल्यावर दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. आमच्याच फडात बीड, धाराशिवकडून जे कोयते येतात, त्यांच्याशी तुलना केली तर आम्ही सधनच आहोत. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. मुकादमाकडून उचल घेऊन ते दिवाळीच्या सुमाराला येतात आणि ती उचल फिटेपर्यंत तोडतात. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तीही संपाच्या इशाऱ्यानंतर. जोडप्याचे पैसे मुकादम पुरुषाच्या नावाने मांडतो, त्यामुळे मोळ्या डोक्यावरून वाहणाऱ्या बाईचे स्वतंत्र उत्पन्न कोणत्याच कागदावर येत नाही. आणि हे कुटुंब सहा महिने आमच्या जिल्ह्यात, सहा महिने त्यांच्या जिल्ह्यात. मोजणारा माणूस येईल तेव्हा ते नेमके कुठे सापडतील?

आकडेमोड

धाग्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. ते वेगळे ठेवले तर चर्चा पुढे जाईल.

घरांमधल्या विषमतेबद्दल: २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भागातील सर्वांत खालच्या पाच टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च १,३७३ रुपये आणि सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा १०,५०१ रुपये होता. शहरात हेच आकडे २,००१ आणि २०,८२४ रुपये होते. म्हणजे खेड्यात साधारण साडेसातपट आणि शहरात दहापट. वरच्या टोकाला खर्च कमी दिसण्याचे आणखी एक कारण आहे. पाहणी करणाऱ्याला सोलापुरातल्या मध्यमवर्गीय घराचे दार उघडले जाते, मुंबईतल्या उंच इमारतीच्या तिसाव्या मजल्यापर्यंत तो पोहोचणे अवघड असते. उत्पन्न विचारण्याचे मोठे प्रयत्न आपल्याकडे मोजकेच झाले. २००४-०५ आणि २०११-१२ मध्ये राष्ट्रीय उपयोजित अर्थसंशोधन परिषद आणि मेरिलँड विद्यापीठ यांनी मिळून केलेली मानव विकास पाहणी हा त्यांतला महत्त्वाचा, आणि त्यात उत्पन्नाची विषमता खर्चाच्या विषमतेपेक्षा बरीच जास्त दिसली होती. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२६ मध्ये घरगुती उत्पन्नाची देशव्यापी पाहणी करण्याचे जाहीर केले आहे, ही या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

जिल्ह्यांमधल्या विषमतेबद्दल मात्र मला गंभीर शंका आहेत. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्यांचे दरडोई उत्पन्न दर वर्षी छापून येते. मुंबई, ठाणे, पुणे वर आणि नंदुरबार, वाशीम, गडचिरोली तळाशी, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. परंतु हे उत्पन्न जिथे निर्माण होते तिथे मोजतात, जिथे पोहोचते तिथे नाही. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे. तिथे तयार होणाऱ्या विजेचे मूल्य सोलापूर जिल्ह्याच्या उत्पन्नात धरले जाते आणि लोकसंख्येने भागून प्रत्येक सोलापूरकराच्या नावावर पडते, मग त्या प्रकल्पातून त्याच्या घरात एक रुपयाही न येवो. याउलट हडपसरला किंवा हिंजवडीला काम करणारा सोलापूरचा मुलगा दरमहा घरी जे पाठवतो, ते पुण्याच्या खात्यात मोजले जाते. अनेक क्षेत्रांचे जिल्हानिहाय आकडे तर प्रत्यक्ष गोळा केलेले नसतात. राज्याचा आकडा कामगारसंख्येसारख्या निकषांवर जिल्ह्यांत वाटून दिलेला असतो. अशा आकड्यावरून सोलापूरचे घर कसे चालते हे कळणार नाही.

तालुका हे एकक हवे, या मागणीशी तत्त्वतः सहमत आहे. अडचण नमुन्याच्या आकाराची आहे. देशव्यापी पाहणीत एका तालुक्यातून येणारी घरे इतकी थोडी असतात की त्यांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या श्रमबल (रोजगार-बेरोजगारी) पाहणीची रचना बदलून त्यात जिल्हा हा पायाभूत स्तर धरला आहे. तालुक्यापर्यंत जायचे असेल तर राज्य सरकारला स्वतःचा वाढीव नमुना घ्यावा लागेल, आणि त्यासाठी पैसा व माणसे द्यावी लागतील. ही मागणी ठोसपणे करता येण्यासारखी आहे.

कलबुर्गी नाका

आपण सोलापूरकडे नेहमी पुण्याकडून पाहतो. पूर्वेकडूनही पाहावे. एकोणिसाव्या शतकात तेलंगणातून पद्मशाली विणकर पोटासाठी सोलापूरला आले, कारण इथे माग होते आणि पुढे गिरण्याही उभ्या राहिल्या. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या सप्टेंबर २०२४ च्या निबंधानुसार २०२३-२४ मध्ये तेलंगणाचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या १९३.६ टक्के, कर्नाटकाचे १८०.७ टक्के आणि महाराष्ट्राचे १५०.७ टक्के होते. ज्या पणजोबांनी कामासाठी तेलंगणातले गाव सोडले, त्यांची पणतवंडे आज हैदराबादला कामासाठी जातात. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत हे घडले आहे.

पण म्हणून तेलंगणाकडे किंवा कर्नाटकाकडे हेव्याने पाहण्याचे कारण नाही, कारण त्यांच्याही सरासरीत हैदराबाद आणि बंगळूरु आहेत. सोलापूरहून दोन-अडीच तासांवरचे कलबुर्गी कर्नाटकाच्या त्या भव्य आकड्यात कुठेच दिसत नाही. २०१२ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (जे) घालून त्या भागाला शिक्षण आणि नोकऱ्यांत स्थानिक आरक्षण व स्वतंत्र मंडळ द्यावे लागले, ते उगाच नव्हे. धाराशिव, कलबुर्गी आणि सोलापूर हे शेजारी आहेत; तिघेही आपापल्या राजधानीपासून लांब, आणि तिघांचीही तरुण मुले रात्रीच्या गाडीने निघून जातात. राज्याराज्यांमधल्या तुलनेत महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणा ही तिन्ही राज्ये श्रीमंत ठरतात आणि केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा ठरवणारा वित्त आयोग त्यांच्या वाट्याला कात्री लावतो. पंधराव्या आयोगाने वाटपात ४५ टक्के भार राज्य सरासरी उत्पन्नात किती मागे आहे यालाच दिला होता. गरीब राज्यांना अधिक मिळावे हे न्याय्यच आहे, बिहारचा हक्क कोणी नाकारू नये. मात्र श्रीमंत राज्यातल्या गरीब भागाची जबाबदारी मग त्या राज्यानेच उचलली पाहिजे, आणि दांडेकर समितीनंतर ती जाणीव उत्तरोत्तर क्षीण होत गेली आहे.

जुनी मिल कंपाउंड

सर्वांच्या मतांचा आदर ठेवून वेगळे मत मांडतो. सोलापूरचा प्रश्न विषमतेचा नसून वाढ थांबल्याचा आहे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजीपर्यंतच्या गिरण्यांनी या शहराला पोसले आणि पुढे त्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागी मोठा उद्योग आला नाही. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले, पण बाजारात स्वस्त नक्कल अधिक खपते. वंदे भारत आली, विमानसेवाही सुरू झाली, आता कारखानदार आले पाहिजेत. दोन-पाचशे कोट्यधीश सोलापुरात तयार झाले आणि त्यामुळे विषमता वाढली, तरी मी त्याचे स्वागतच करीन, कारण त्यांच्यामागे पन्नास हजार नोकऱ्या येतील. गरिबी सारखी वाटून काय साधणार?

भीमातीर (धागालेखक)

जुनी मिल कंपाउंड यांच्या प्रतिसादावर सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्यांचे दुःख आम्हा सगळ्यांचेच आहे. वाढ हवी, याबद्दल दुमत नाही. पण गिरण्या असतानाच्या सोलापुरात नेमके काय होते हे आठवून पाहावे. गिरणीमालक आणि कामगार यांच्यात अंतर प्रचंड होते. तरीही कामगाराच्या नावाने मस्टर (हजेरीपट) होते, महागाई भत्ता होता, भविष्य निर्वाह निधी कापला जाई आणि तो बदली कामगार असला तरी त्याला आज ना उद्या कायम होण्याची आशा होती. गिरण्या गेल्या तेव्हा काम सगळे गेले नाही. ते शेडमधल्या यंत्रमागांवर गेले, जिथे त्याच माणसाचा मुलगा नगावर राबतो आणि ज्याच्या नावाचे मस्टर कुठेच नाही. उत्पादन चालू राहिले आणि त्यातला कामगाराचा वाटा घटला. त्यामुळे नवे कारखानदार आले पाहिजेत हे खरे, परंतु ते आल्यावर हजेरीपट कोणाच्या नावाने भरणार, हा प्रश्न आधीच विचारावा लागेल.

दुसरे म्हणजे, विषमता केवळ पैशाची राहत नाही. उजनीत ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते आणि सोलापूर शहराला नळाला पाणी काही दिवसांआड येते. ज्याच्या घरी जमिनीखाली मोठी टाकी, वर दुसरी टाकी आणि बोअर आहे, त्याला हे खंडित पाणी जाणवतही नाही. झोपडपट्टीत पिंप आणि घागरी भरून ठेवणाऱ्या बाईचा पाणी येण्याचा दिवस कामावाचून जातो, म्हणजे त्या दिवसाच्या विड्या जातात. एकच सार्वजनिक सेवा, आणि तिच्या तुटवड्याची किंमत गरीब घर मजुरीतून मोजते.

आता उपायाकडे येतो. या राज्याने एकेकाळी श्रीमंत भागाकडून गरीब भागाकडे पैसा नेण्याची एक साधी आणि विलक्षण व्यवस्था उभी केली होती. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्याने खडी फोडली, पाझर तलाव खणले. ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली आणि पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तिचा आधार मिळाला. तिचा खर्च भागवण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या पगारातून दरमहा कापली जाणारी रक्कम मंगळवेढ्याच्या किंवा सांगोल्याच्या मजुराच्या हातात मजुरी म्हणून पडावी, असा तो करार होता. शहराने दुष्काळी खेड्याशी केलेला इतका थेट करार देशात क्वचितच झाला असेल.

आज त्या कराची स्थिती पाहा. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये १९८८ साली वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली गेली आणि ती आजही तेवढीच आहे. महिन्याला दहा हजारांहून थोडे अधिक मिळवणारा दुकानातला पुरुष नोकर वर्षाला २,५०० रुपये देतो आणि महिन्याला दहा लाख मिळवणारा अधिकारीही तेवढेच देतो. साडेतीन दशकांहून अधिक काळात पगार कुठल्या कुठे गेले, जमिनींचे भाव कुठे गेले, आणि हा आकडा हलला नाही. मर्यादा वाढवायला संसदेची मंजुरी लागते, पण खालच्या उत्पन्नाच्या लोकांना त्यातून वगळणे राज्याच्या हातात आहे. महिलांसाठी तसे केलेलेही आहे. लाडक्या बहिणीचे दीड हजार अनेक घरांना उपयोगी पडत आहेत हे मी पाहतो आणि त्याला माझा विरोध नाही. तथापि अनुदान महिन्याच्या किराण्याला हातभार लावते. तालुक्यात बंधारा, रस्ता आणि मजुरीचा दर हे तिन्ही एकत्र उभे करणारी व्यवस्था रोजगार हमीची होती आणि तिचे मूळ प्रादेशिक न्यायाच्या कल्पनेत होते.

नीरा उजवा

व्यवसाय कराचा हा इतिहास मला ठाऊक नव्हता. आमच्याकडे पगारपत्रकातले ते दोनशे रुपये म्हणजे नुसती कपात अशीच समजूत आहे. एक भर घालतो: उसाचा पट्टा आणि कोरडवाहू पट्टा यांच्यात असाच करार जिल्ह्याच्या पातळीवर पाण्याचा व्हायला हवा. ऊस बाराही महिने पाणी पितो आणि आपल्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटरच पडतो. ठिबक सक्तीचे करून वाचलेले पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकाला आणि त्यापलीकडे गेले, तर मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला पाण्याच्या दोन पाळ्या मिळतील. ऊसवाला असूनही मी हे लिहितो आहे, आणि आमच्या सोसायटीच्या सभेतही मांडणार आहे.

आकडेमोड

पाण्याचा मुद्दा पटला. उत्पन्नाच्या पाहणीबाबत माझी इथल्या सदस्यांना विनंती आहे की, सोलापूरच्या घरांना कोणते प्रश्न विचारायला हवेत हे स्थानिक लोकांनीच सुचवावे. प्रश्नावल्या दिल्लीत बनतात आणि त्यांत नोकरी, शेती, व्यवसाय, भाडे असे ठरावीक रकाने असतात. नगावर घरी काम करणारे घर त्यांत नीट बसत नाही.

कुंभारीची लेक

सुचवते. विडीचे कार्ड एकीच्या नावाने असते आणि विड्या तिघी वळतात. आमच्याकडे कार्ड आजीचे होते, वळायची आई, आणि शाळेतून आल्यावर पाने कापायला आम्ही बहिणी. पाहणीत विचारले तर कामगार एक आणि उत्पन्न एकीचे, असे लिहिले जाईल. प्रत्यक्षात तीन माणसांच्या श्रमाचे ते पैसे असतात. म्हणून पहिला प्रश्न असा असावा की घरातली कोण कोण किती तास हे काम करते. दुसरा, वहीत लिहिलेली मजुरी आणि हातात आलेली मजुरी किती, हे वेगवेगळे विचारावे. तिसरा, पान आणि दोरा विकत आणायला किती गेले. चौथा, आठवड्याचे हप्ते किती कंपन्यांचे आहेत. आणि हे प्रश्न विचारायला दुपारी यावे, म्हणजे विडी वळणारी घरी भेटेल. सकाळी ती माल द्यायला कारखान्यात गेलेली असते आणि दारात जो भेटतो तो घरातला पुरुष असतो, ज्याला यातले काही ठाऊक नसते.